हिंदुराव धोंडे-पाटील कुठल्या तालुक्याचे?

पुण्यामुंबईचा माणूस सिनेमा बघून बाहेर आला की त्याला विचारतात, "कसा आहे?" साताऱ्यात आणि सांगलीत विचारतात, "कुणावर हाय?" त्यातून सिनेमा राजकारणावरचा असेल तर हा एकच प्रश्न उरतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत अभिनय, दिग्दर्शन, संगीत असल्या किरकोळ बाबींकडे कोणी वळत नाही. उत्तर मिळाल्यावर तर मुळीच वळत नाही.

ही सवय आजकालची नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे मूळचे सांगलीचे. त्यांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. विराटाचा दरबार, सैरंध्री, आचारी झालेला भीम, सगळं महाभारतातलं. लॉर्ड कर्झनचं नाव अख्ख्या नाटकात कुठे नाही. पण प्रेक्षकांनी कीचकाला पाहताक्षणी कर्झन म्हणून ओळखलं. सैरंध्रीत भारतमाता दिसली, धर्मराजात मवाळ दिसले आणि भीमात जहाल. सरकारला ओळख पटायला जरा वेळ लागला, बंदी आली ती १९१० साली. म्हणजे आपला प्रेक्षक सरकारच्या तीन वर्षं पुढे होता. त्याही आधी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हाच्या रावणातही कोणाला तरी कोणीतरी दिसलं असणारच. पण समोरच खुद्द राजेसाहेब बसलेले, त्यामुळे कोणी बोललं नसेल.

अशा मुलखात कमी पैशात काढलेला, राजकारणाने भरलेला सिनेमा आला की काय होतं, हे बघायचं तर 'सामना' घ्यावा. पन्नास वर्षं झाली, पण वाद अजून मिटलेला नाही. टीव्हीवर लागला की पारावर दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू होतो.

'सामना' हा मुळातच गमतीचा मामला. पैसे उभे केले रामदास फुटाण्यांनी. ते चित्रकलेचे शिक्षक. चित्रकलेच्या मास्तरांनी सिनेमा काढला आणि त्यात रंग नाहीत, संपूर्ण सिनेमा काळापांढरा. बजेटचा अंदाज एवढ्यावरून यावा. दिग्दर्शक जब्बार पटेल, हा त्यांचा पहिलाच चित्रपट आणि ते बालरोगतज्ज्ञ. मास्तरांच्या भूमिकेतले श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन. मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. कथा सहकारी साखर कारखान्याच्या सम्राटाची, हिंदुराव धोंडे-पाटलांची. तीन डॉक्टरांनी मिळून साखरेवर काढलेला हा पहिला सिनेमा असावा. लेखक विजय तेंडुलकरांकडे वैद्यकाची पदवी नव्हती. निदान मात्र त्यांनीच लिहिलेलं.

सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. तिथल्या परीक्षकांना तो कसा वाटला हे त्यांचं त्यांना ठाऊक, पण "हे चेअरमन नक्की कुठले?" असं त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नसेल. ती जबाबदारी आमच्याकडे होती.

आमच्याकडे म्हणजे कुठे, हेही एकदा सांगून टाकतो. सातारा आणि सांगली हे मूळचे एकच घर. १९४९ साली वाटण्या झाल्या, धाकट्याला दक्षिण सातारा हे नाव मिळालं. १९६० साली त्याने तेही टाकून सांगली हे स्वतःचं नाव लावलं. वाटणी झालेल्या भावांचं असतं तसंच पुढे झालं. जे चांगलं ते दोघांचं आणि जे वाईट ते दुसऱ्याचं. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रात जन्मले म्हणून सांगलीचे, कराडात वाढले म्हणून साताऱ्याचे. लागू १९२७ साली साताऱ्यात जन्मले, त्यामुळे 'सामना'मधले मास्तर साताऱ्याचे, यात साताऱ्यापुरता तरी वाद नाही. उरले हिंदुराव धोंडे-पाटील. ते कोणालाच नको होते.

साताऱ्याच्या माणसाला विचारा. तो म्हणतो, "हिंदुराव ना? ते कृष्णेच्या खालच्या अंगाचं. बोलण्यावरनं कळतंय की." सांगलीचा म्हणतो, "छे छे. आमच्यात चेअरमन इतका वेळ दारुड्या मास्तरसंगं बोलत बसंल व्हय? ह्ये कोल्हापूरचं काम." कोल्हापूरचा नगरकडे बोट दाखवतो. नगरच्या माणसाशी माझं या विषयावर बोलणं झालेलं नाही, पण त्याच्याही पलीकडे जिल्हे आहेतच. असं करत करत हिंदुराव राज्याच्या सीमेपर्यंत जातात आणि तिथून, सीमाप्रश्न प्रलंबित असल्यामुळे, परत येतात.

जिल्ह्याच्या आत आणखी बारीक वाटणी असते. वाळव्याला विचारलं तर हिंदुराव तासगावात, तासगावला विचारलं तर मिरजेत. एका कारखान्याचा सभासद छातीठोकपणे सांगतो की हा सगळा प्रकार शेजारच्या कारखान्यावरचा आहे, आणि शेजारच्या कारखान्याचा सभासद तेच वाक्य, दिशा तेवढी उलटी करून, सांगतो. दोघांची पाळी एकाच दिवशी असेल तर वजनकाट्यापुढच्या रांगेत दोघांचे ट्रॅक्टर एकमेकांना खेटून उभे राहतात. तिथे कोणी सिनेमावर बोलत नाही, कारण काट्यावर बोलायला विषय असतात.

पटकथालेखकांची अडचणही समजून घ्यायला पाहिजे. या दोन जिल्ह्यांत पुढाऱ्याला नाव द्यायचं तर नातं लावावं लागतं, आणि नाती सगळी भरलेली आहेत. दादा म्हटलं की वसंतदादा. बापू म्हटलं की राजारामबापू, आणि कुंडलकडच्यांना जी. डी. बापू. अण्णा म्हणावं तर नागनाथअण्णा. आबा म्हणावं तर अंजनीचे आर. आर. आबा आणि त्यांच्याही आधी साताऱ्याचे किसन वीर आबा. म्हणजे खलनायकाला कुठलंही घरगुती नाव दिलं की सकाळी दहाच्या आत निषेधाचं निवेदन तयार. तेंडुलकरांनी 'हिंदुराव' हे भारदस्त नाव काढलं आणि पुढे दोन आडनावं जोडली. धोंडे म्हणावं तर पाटील निसटतात, पाटील म्हणावं तर धोंडे. कायद्याच्या दृष्टीने असं नाव फार सोयीचं.

पण हिंदुराव कोणाचे, हा झाला पहिला वाद. दुसरा जास्त खोल आहे. हिंदुराव वाईट होते का?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झालाय, मास्तर त्याच्याबद्दल विचारत सुटलेत, सत्ता आणि दहशत पडदाभर पसरलेली आहे. तरी सिनेमा संपल्यावर एक गट सावकाश पानाला चुना लावत म्हणतो, "त्ये समदं खरं. पर कारखाना कुणी काढला?" दुसरा म्हणतो, "रस्तं?" तिसरा म्हणतो, "शाळा, दवाखाना, कोंबड्या?" बघता बघता तिथे हिंदुरावांचा कार्य-अहवाल तयार होतो आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडून सवयीने "मंजूर, मंजूर" असं निघून जातं. वार्षिक सर्वसाधारण सभेत हात वर करण्याची सवय असलेली माणसं ही, थेटरातही हात थोडा वर जातोच.

गंमत म्हणजे खुद्द सिनेमात हिंदुराव मास्तरांना आपलं साम्राज्य फिरवून दाखवतात. दिग्दर्शकाला त्यातून मास्तरांचं आणि आपलं डोकं गरगरवायचं होतं. आमच्याकडचा प्रेक्षक तो भाग पाहणी दौरा म्हणून बघतो आणि आपल्या चेअरमनच्या कामाशी ताडून पाहतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सोसायटी सेक्रेटरी आहेत. त्यांचं मत असं की हिंदुरावांची संस्था 'अ' वर्गात बसते, एक मारुती कांबळेचा मुद्दा सोडला तर ऑडिटला अडचण नाही.

यात हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांचा दोष मोठा. माणूस राष्ट्र सेवा दलातला, समाजवादी, पुण्यात माळीकाम केलेला, सरळमार्गी. त्यांना १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'त लोकांनी झेलेअण्णा म्हणून बघितलं आणि तेव्हापासून बायकाबापड्यांनी त्यांना माफ केलं नाही. पण 'सामना'मध्ये त्यांनी पंचाईत केली. आरडाओरडा नाही, मिशीवर ताव नाही. हळू बोलतात, आदरातिथ्य करतात, मास्तरांवर खरोखर जीव लावतात. खलनायकाने आधी कोणाच्या तरी मुस्कटात मारली की प्रेक्षकाला आपण कोणत्या बाजूचे हे कळतं. इथे खलनायकच पाहुण्याची सोय बघतो. पाहुण्याची सोय बघणाऱ्या माणसाला वाईट म्हणायचं कसं, हा पश्चिम महाराष्ट्रापुढचा फार जुना पेच आहे.

मास्तरांबद्दल तर उघड भांडणं. मास्तर म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला आणि पुढे दारूत बुडालेला माणूस. हा दाखवायचा कुठे, तर जिथे क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकार चालवलं, जिथल्या गावागावांत माणसं भूमिगत होती, त्या भागातल्या पडद्यावर. सरकारने १९७२ साली ताम्रपट वाटले होते, ते भिंतीवर अजून चकचकीत होते. "स्वातंत्र्यसैनिक आणि दारू? हा लढ्याचा अपमान आहे," असं म्हणणारा एक पक्ष. "लढ्यातनं आल्यावर ह्यो कारखाना बघायला मिळाला, मग मान्सानं प्यायची न्हाई तर करायचं काय?" असं विचारणारा दुसरा. तिसरा पक्ष संख्येने मोठा आणि जास्त व्यवहारी. त्याचं म्हणणं, "मास्तरला पेन्शन चालू हुती का? न्हवती? मग पंचायत समितीत कुणाला तरी भेटायला पायजे हुतं."

आता बजेटचं. कमी पैशातल्या राजकीय सिनेमाला आमचा प्रेक्षक एका बाबतीत दयामाया दाखवत नाही. कथा पटली नाही तरी चालेल, पण गाड्या मोजल्या जातात. "चेअरमन म्हंत्यात आणि एकच जीप?" त्या काळी जीप, आता स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनर. पडद्यावरचा पुढारी तीन गाड्यांतून उतरला की मागच्या रांगेतून आवाज येतो, "आमच्या सरपंचाच्या बारशाला यापेक्षा जास्त हुत्या." सभा दाखवली आणि तिच्यात साठ माणसं दिसली की संपलंच. इथल्या माणसाला गर्दी मोजण्याचा सराव असतो. पोलिसांचा आकडा, आयोजकांचा आकडा आणि खरा आकडा हे तिन्ही त्याला एका नजरेत येतात. साताऱ्याने १८ ऑक्टोबर २०१९ ची शरद पवारांची पावसातली सभा पाहिलेली आहे. पाण्याच्या टँकरने पाडलेल्या पावसात भिजणारा पुढारी आता त्यांना कोण दाखवणार? आणि तिकीट कशाला काढायचं?

खर्चाच्या बाबतीत वाईकरांचं मत तर तज्ज्ञाचं मानावं लागतं. प्रकाश झांचा 'गंगाजल' तिथे चित्रित झाला, तेव्हा वाईचं बिहार झालं. 'स्वदेस'च्या वेळी मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशात गेला, नाना फडणविसांना विचारलंसुद्धा नाही. वाईच्या आजूबाजूच्या कितीतरी माणसांनी गमछा गळ्यात घालून हिंदीत खवळलेला जमाव केलेला आहे. ही माणसं राजकीय सिनेमाला आली की पडद्यावर भ्रष्टाचार, खून, सत्तांतर काय वाटेल ते चालू असो, त्यांची नजर तिसऱ्या ओळीत. "त्यो बघ, त्यो बघ! मामा!" मामा दिसले की सिनेमा चांगला. मामांना कापलं असेल तर दिग्दर्शकाला राजकारणातलं काही कळत नाही. एवढी स्वच्छ भूमिका मोठ्या वर्तमानपत्रांच्या समीक्षकांनाही घेता येत नाही.

मतं दुभंगण्याचं एक कारण मात्र मला लहानपणी कळलं होतं आणि ते पूर्णपणे तांत्रिक आहे. गणेशोत्सवात मंडळं रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायची. पुढची जागा संपली की उशिरा आलेली माणसं पडद्याच्या मागे बसायची. चित्र दोन्हीकडून दिसायचं, पण मागून बघणाऱ्याला सगळं उलटं. पाट्या उलट्या, सदऱ्याचा खिसा दुसऱ्या बाजूला, पुढाऱ्याने उजवा हात उचलून आश्वासन दिलं की मागच्यांना डावा दिसायचा. एकच सिनेमा, एकच गल्ली, पण अर्ध्या गावाने उजवा पुढारी पाहिला आणि अर्ध्याने डावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू "आम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलंय" असं सांगत भांडायच्या आणि दोघींचंही खरं असायचं. पुढे आलिशान थेटरं झाली, सगळे एकाच बाजूला बसायला लागले, तरी त्या भांडणात फरक पडलेला नाही.

'सामना'नंतर चार वर्षांनी, १९७९ साली, जब्बार पटेलांनीच 'सिंहासन' आणला. त्या वेळी सांगलीचं जे झालं असेल त्याची कल्पना करवत नाही. आदल्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, वसंतदादांचं सरकार पडलं होतं आणि १८ तारखेला शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. पाठ आणि खंजीर हे दोन शब्द सांगलीत तेव्हापासून एकत्र नांदतात. आणि लगेच पडद्यावर मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढायचा डाव! ही दादांचीच गोष्ट, यावर सांगलीत पैज लावायला कोणी मिळालं नसतं. आता वस्तुस्थिती अशी की हा चित्रपट अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरचा, आणि दोन्ही कादंबऱ्या सरकार पडायच्या आधीच छापून झालेल्या. हे एकदा मी मिरजेच्या एका जाणत्या गृहस्थांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी साधूंना आधीपास्नं म्हाईत हुतं. मग दादांना कळवाय नगं का?"

त्यातही जिल्ह्यांचा हिशोब झालाच. 'सिंहासन'मधला मुख्यमंत्री अरुण सरनाईक, कोल्हापूरचे. त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणारा अर्थमंत्री पुन्हा लागूच, म्हणजे सातारा. कोल्हापूरच्या माणसाची खुर्ची साताऱ्याचा माणूस ओढतोय आणि शेवटी कोल्हापूरकर टिकतोय. सांगलीला मंत्रिमंडळात कोणी विचारलंच नाही. नाट्यपंढरीवर झालेला हा अन्याय अजून कोणत्याही अधिवेशनात उपस्थित झालेला नाही.

अलीकडच्या राजकीय सिनेमांनी प्रेक्षकाचे कष्ट बरेच कमी केलेत. कुणावर आहे हे आता पोस्टरवरच असतं, ओळखायची गरज उरली नाही. कार्यकर्ते अख्खा शो घेतात, तिकीट फुकट, मध्यंतरात वडापावही फुकट. फुकट तिकिटावर मत द्यायचं नसतं, वेळ आली की मतदान करायचं असतं. विरोधी गट तो सिनेमा न बघता नापसंत करतो आणि बघणाऱ्यांपेक्षा जास्त तपशिलात बोलतो. दोन्ही गट खूश, थिएटरमालकही खूश. मला मात्र चुकचुकल्यासारखं वाटतं. हिंदुराव शोधण्यात जी मजा होती ती यात नाही. बॉयलर पेटलाच नाही आणि साखर बाजारात आली, असं काहीतरी.

ज्यांना सिनेमा सिनेमा म्हणून बघायचा असतो अशीही माणसं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. ती बहुधा फिल्म सोसायटीत असतात, नाहीतर प्राध्यापक असतात. ती चौकटीबद्दल, प्रकाशाबद्दल, भास्कर चंदावरकरांच्या संगीताबद्दल बोलतात. त्यांचं सगळेजण आदराने ऐकतात. ऐकून झालं की कोणीतरी विचारतं, "सर, ते बरोबर हाय. पर तुमच्या संस्थेत चेअरमन कोण हाय आता?" मग सर चहा मागवतात.

गेल्या वर्षी 'सामना'वरून पारावर पुन्हा जुंपली तेव्हा मी मुद्दाम मघाच्या सेक्रेटरींना बोलतं केलं. म्हटलं, तात्या, गाड्या राहू द्या, तालुका राहू द्या, विकासाचंही राहू द्या. मास्तर जो प्रश्न घेऊन सिनेमाभर फिरतात त्याचं काय? त्या मारुती कांबळेचं काय झालं, असं तुम्हाला वाटतं?

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"सभासद होता का?"

म्हटलं, असेल, तसं काही दाखवलेलं नाही.

"वारस नोंद झाली?"

तो मेलाय हेच कोणी कबूल करत नाही, तर वारस नोंद कुठून होणार, मी म्हणालो.

"मग झालं तर," तात्या चष्मा चढवत म्हणाले. "यादीत नाव हाय म्हंजी काळजीचं कारण न्हाई. गेल्या पंचवार्षिकला सकाळी साडेआठलाच मतदान करून गेला असंल."